किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्या महोदयांस

श्रीयुत काळी-गाडीवाले यांस,

स. न. वि. वि.

आपलं नाव मला ठाऊक नाही. गाडीचा नंबर ठाऊक आहे, पण तो इथे छापत नाही. जिथे द्यायचा तिथे दिला आहे. पत्ता नसल्यामुळे पत्र उघडं लिहावं लागतंय. अर्थात आपणही खाजगीत फारसं काही करत नाही. गाडी रुतली तोही सोहळा आपल्या सोबत्यांनी पार्श्वसंगीतासकट टिपून अर्ध्या महाराष्ट्राला दाखवला. तेव्हा चारचौघांतच बोलू.

ओळख पटावी म्हणून खुणा सांगतो. संकष्टीचा शनिवार. केळशी आणि दाभोळ यांच्या मधल्या एका गावचा किनारा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर येत्या शनिवारी तिथे आपल्यासारखे आणखी दहा शूरवीर दाखल होतील आणि दोष माझ्या माथी येईल. पाठीवर सॅक घेतलेले, केस पिकायला लागलेले दोन इसम वाळूवरून चालले होते. आपण काच खाली करून त्यांना म्हणालात, "काका, फ्रेममधून जरा बाजूला व्हा ना." त्यांतला डावीकडचा मी. उजवीकडचा माझा मित्र. तो शाळेत भूगोल शिकवतो, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आम्ही बाजूला झालो. मग आपल्याला आमची दया आली असावी, कारण आपण विचारलंत, "गाडी बंद पडली का? चालत कुठे निघालात?" उत्तर ऐकायला मात्र थांबला नाहीत. ते आता देतो.

आम्ही बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरलो होतो. बाणकोटचा किल्ला पाहिला, वेळासला मुक्काम केला, केळशी गाठली आणि मग समुद्र उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे चालत सुटलो. दाभोळला वाशिष्ठीच्या मुखाशी पुन्हा फेरीबोट, पलीकडे धोपावे, आणि पुढे गुहागरपर्यंत, असा बेत होता. किनारा सलग नसतो. मध्ये डोंगर समुद्रात घुसलेला असतो. तिथे वर सड्यावर चढायचं, काजूच्या बागांतून पलीकडच्या गावात उतरायचं आणि पुन्हा वाळू धरायची. पाठीवर दोन जोड कपडे, पातेलं, छोटा स्टोव्ह, पोहे, गूळ, ज्याची त्याची कॅरीमॅट. (हा शब्दही लक्षात ठेवा.) माझ्या मित्राच्या सॅकमध्ये याखेरीज एक पंचांग होतं. हसू नका. आपल्या डॅशबोर्डवर जो टॅबलेटएवढा पडदा लावलेला आहे, त्याला जे त्या दिवशी सांगता आलं नाही ते त्या पंचांगाने आदल्या रात्रीच सांगितलं होतं.

कशाला चालायचं, असं आपल्या चेहऱ्यावर होतं. कारण असं खास काही नाही. कोकणातली माणसं पूर्वी कामाला चालतच जायची. वाटेत मुरुड लागलं, महर्षी कर्व्यांचं. ते तरुणपणी परीक्षेसाठी या मुरुडहून सह्याद्री चढून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते, आणि तिथे 'वयाने लहान दिसतोस' म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. चालत गेले तसे परत आले. चारही चाकांना जोर असलेली गाडी असती तर साताऱ्यात हॉर्न वाजवून वय सिद्ध करता आलं असतं. पण त्या काळी सोयी नव्हत्या.

आता पंचांगाचं. कोकणात भरतीचा हिशेब फार सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ निघते. त्या दिवशी चतुर्थी. चार पाऊण तीन. म्हणजे दुपारी तीनच्या आसपास समुद्र पुरा भरलेला, आणि सकाळी नवाच्या सुमारास पार ओसरलेला. अर्धा तास इकडे-तिकडे होतो, पण आपण जो इकडे-तिकडे झालात तितका नाही. आणखी एक. पौर्णिमा होऊन चारच दिवस झाले होते, उधाणाचा जोर पुरता उतरला नव्हता. अशा दिवसांत ओहोटी लांबवर जाते आणि भरती तेवढीच वर चढते. सकाळी किनारा जितका ऐसपैस दिसतो तितका दुपारी धोक्याचा. कोळ्याच्या घरातलं शाळकरी पोरही हे जाणतं. आपल्याला फक्त ऐसपैस दिसलं.

किनाऱ्याने चालणाऱ्याचा सगळा दिवस या हिशेबावर बेतलेला असतो. लाट नुकतीच परतलेली, ओली, घट्ट वाळूची पट्टी असते, तिच्यावरून चालायचं. तिथे पाऊल ठरतं. वर सुक्या वाळूत गेलात की टाकलेलं पाऊल निम्मं मागे येतं, बुटांत वाळू भरते आणि एवढ्यातेवढ्याला पोटऱ्या बोंबलायला लागतात. म्हणून आम्ही उजाडताना निघायचो, अकराच्या आत जमेल तेवढं कापायचो आणि पाणी चढायला लागलं की सुरूच्या बनात सॅक टेकवून बसायचो. त्याही दिवशी तसेच बसलो होतो. आपला प्रयोग पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायला मिळाला तो त्यामुळे. जागा उत्तम होती, सावलीही होती, आणि संकष्टीची साबुदाण्याची खिचडी डब्यात होती.

पण दुपारच्या प्रयोगाकडे वळण्याआधी आदल्या रात्रीच्या रंगीत तालमीविषयी बोलायला हवं. आपल्याला वाटलं असेल की तिला प्रेक्षक नव्हते.

आम्ही किनाऱ्यालगतच्या वाडीत एका घराच्या ओटीवर पथाऱ्या टाकल्या होत्या. रात्री केव्हातरी सुरूच्या शेंड्यांवरून पांढराशुभ्र झोत फिरला. मग गाणं. मग तोच झोत परत. गाडीच्या टपावर लावलेली ती दिव्यांची पट्टी आपण हौसेने घेतली असणार, पैसे वसूल व्हायला हवेत. घरमालकीण आतून म्हणाली, "झोपा तुम्ही. शनिवार-रविवार असंच." वास्तविक शुक्रवारच होता, पण आपण आधीपासूनच सुरुवात केली होती.

पहाटे गावचा कासवमित्र गस्तीला निघाला, त्याच्यासोबत आम्हीही गेलो. कासवमित्र ही काय भानगड, असा प्रश्न पडला असेल तर सांगतो. या पट्ट्यात थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालायला येतात. मादी रात्री पाण्यातून वर येते, भरतीच्या रेषेपलीकडे, जिथे मर्यादवेल सुरू होते त्याच्या आसपास जागा निवडते, मागच्या वल्ह्यांनी हात-सव्वा हात खोल खड्डा खणते, त्यात शंभरेक अंडी घालते, वाळूने बुजवते, वर अंग आपटून जागा दाबते आणि निघून जाते. पिल्लांचं तोंड ती कधी बघत नाही. अंड्यांना ऊब वाळूची. पिल्लू नर होणार की मादी हेही वाळू किती तापते त्यावर ठरतं. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात आणि जिकडे उजेड दिसेल तिकडे चालू लागतात. निसर्गाने असं धरून ठेवलेलं आहे की अंधाऱ्या किनाऱ्यावर सगळ्यांत उजळ दिसतो तो समुद्र. आपल्या टपावरची दिव्यांची पट्टी निसर्गाने हिशेबात धरलेली नव्हती.

पूर्वी ही अंडी लोक खात, विकत. वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. मग वन खातं आलं, आसपासची गावं आली. आज वेळासला पिल्लं सोडताना बघायला लोक लांबून येतात, गावातल्या घरांत उतरतात, मोदक खातात आणि दोरीच्या मागे गुपचूप उभे राहतात. दोरीच्या मागे उभं राहून एखादी गोष्ट बघता येते, ही कल्पना आपल्याला नवीन वाटेल. पण माणसं करतात तसं.

हे सगळं चालतं ते मागावर. कासव वाळूवरून गेलं की दोन्ही बाजूंच्या वल्ह्यांचे ठसे उमटतात आणि मधून पोट घासल्याची पट्टी. गंमत अशी की हा माग दिसतो ट्रॅक्टरच्या चाकासारखा. पाण्यातून वर एक, वरून पाण्यात एक. जिथे दोन्ही मिळतात तिथे घरटं शोधायचं. मग काठीने वाळू हलकेच चाचपायची, भुसभुशीत लागली की हाताने उकरायची, अंडी मोजून टोपलीत घ्यायची आणि जाळीच्या कुंपणातल्या हॅचरीत तेवढ्याच खोलीवर पुरायची. हे काम सकाळी लवकर करायचं असतं, कुत्री आणि कोल्हे पोचण्याआधी.

त्या पहाटे आम्हाला माग सापडला. पाण्याच्या कडेपासून तो स्वच्छ वर आला होता. वल्ह्यांचे अर्धगोल ठसे इतके ताजे की त्यांच्या कडा अजून ढासळल्या नव्हत्या. वीस-पंचवीस पावलं आम्ही त्याच्या कडेकडेने चाललो, आणि पुढे आपली स्वाक्षरी लागली. गोल, मग त्यावर आणखी एक गोल, मग आठचा आकडा. गाडी गरागरा फिरवून वाळू उडवायची ही कला मला नवी नाही, पण जमिनीवर एवढी नीटस नक्षी मी प्रथमच पाहिली. कासवाचा माग त्या नक्षीत शिरत होता आणि बाहेर कुठेच पडत नव्हता.

कासवमित्राने काठी घेतली आणि चाचपायला सुरुवात केली. चाकांखालून वाळू दाबून गेलेली, चाकांच्या बाजूला उपसून पडलेली, त्यामुळे कुठे भुसभुशीत लागेल आणि कुठे घट्ट याला काही अर्थच उरला नव्हता. सूर्य डोंगरावर येईपर्यंत तो शोधत होता. माझा मित्र म्हणाला, "कदाचित अंडी न घालता परतली असेल. त्या कधी कधी परततात." कासवमित्र म्हणाला, "परतली तर परतीचा माग तरी हवा ना मास्तर." मग काठी खांद्यावर टाकून तो म्हणाला, "घरटं हाय का नाय, ते आता पन्नास दिवसांनी कळंल. कोल्ह्याला आज रात्रीच कळंल."

हा प्राणी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. भरती-ओहोटीच्या मधला पट्टा आणि कासवांच्या विणीच्या जागा किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत सगळ्यांत काटेकोर वर्गात येतात. हे मी केवळ माहितीसाठी लिहितो. कायदा वाचून आपल्यासारख्यांचं काही बिघडल्याचं ऐकिवात नाही. पण आपण विचाराल की रात्रीची गाडी माझीच होती कशावरून? प्रश्न रास्त आहे. माझ्या मित्राने सकाळी त्या चाकांच्या ठशांचं चित्र वहीत काढलं होतं, खाचा मोजून. शाळामास्तरांना अशा सवयी असतात. एका खाचेचा कोपरा तुटका होता. दुपारी आपली गाडी रुतून बसली तेव्हा मागच्या डाव्या चाकापाशी बसून त्याने वही काढली. आपल्याला वाटलं काका रेखाचित्र काढताहेत. आपण त्यांच्याबरोबर एक सेल्फीही घेतलात. तो जपून ठेवा. पुढेमागे उपयोगी पडेल.

आता दुपार. आपण अकराच्या सुमारास खाली उतरलात तेव्हा वाळू खरोखरच छान होती. त्यामागचं शास्त्र मित्राने मला खिचडी खाता खाता समजावून दिलं. वाळूच्या कणांमध्ये पाण्याचा पातळ पडदा असतो तोवर कण एकमेकांना धरून राहतात. पाणी पार सुकलं की कण सुटे होतात, पाणी जास्त झालं की तरंगायला लागतात. घट्टपणा मधल्या अवस्थेतला. आपण मधली अवस्था पाहिलीत आणि तीच कायमची समजलात. गाडी भरधाव नेलीत, आणलीत, पुन्हा नेलीत. कुरवांचा अख्खा थवा ओहोटीला विसावला होता, तो तीनदा उठवलात. टिपण्याजोगं दृश्य होतं, शंका नाही. उठलेले पक्षी आणि मधून येणारी गाडी. त्या पक्ष्यांना चित्रीकरणाचा मोबदला मागायची अक्कल मात्र नसते.

मग आपण गाडीचं तोंड समुद्राकडे करून, पुढची चाकं पाण्याला लागतील अशी थांबवलीत. एक म्हातारा तांडेल जाळं विणत बसला होता. तो हात उंचावून म्हणाला, "सायेब, गाडी काढा. भरती लागली." आपण त्याला अंगठा दाखवलात. शाबासकीचा. माझ्या मते त्या दिवसातला हा सगळ्यांत मोलाचा क्षण, आणि तो नेमका कोणी टिपला नाही.

लाट आली, गेली. जाताना चाकांखालची वाळू थोडी घेऊन गेली. आपल्याला जाणवलं तेव्हा आपण शूर माणसं करतात तेच केलंत, ॲक्सलरेटर दाबलात. चारही चाकांना जोर होता हे खरंच; चारही चाकांनी चार खड्डे खणले. दुसऱ्या लाटेला गाडीचं पोट वाळूला टेकलं. खरं तर वाळूत जाताना टायरमधली बरीच हवा आधीच कमी करायची असते, ही गोष्ट आपण त्यानंतर मोबाइलवर शोधून काढलीत. आपण काढलेली हवा मला मोजता आली नाही, पण बाकी सगळ्यांची काढलीत हे दिसत होतं.

आपण उतरलात. पहिला विचार गाडीतला स्पीकर वाचवण्याचा केलात, त्याचं कौतुक वाटलं. मग आपण भोवती पाहिलंत आणि जमलेल्या लोकांना म्हणालात, "अरे कोणीतरी ट्रॅक्टर बोलवा ना!"

मी माझ्या जागी बसून होतो. मित्र उठला आणि म्हणाला, "चल, ढकलू या."

"आपल्याला फ्रेमबाहेर व्हायला सांगितलंय," मी म्हणालो.

"पाणी तीनपर्यंत चढतंय. त्याला फ्रेम कळत नाही. आणि गाडीतलं तेल समुद्रात गेलं तर ते यांचं नाही, त्यांचं मरण." त्यांचं म्हणजे कोणाचं ते त्याने हाताने दाखवलं. किनाऱ्यावर आठ-दहा माणसं पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून आधीच पाण्यात उतरली होती.

तो गेला म्हणून मला जावं लागलं. मैत्रीत असले तोटे असतात. आम्ही ढकलत होतो, आपण आत बसून स्टिअरिंग धरलं होतंत, आणि आपला एक सोबती, बहुधा युद्धपातळीवर विचार करणारा, सुरूच्या बनाकडे धावला. परत आला तो हातात निळी गुंडाळी घेऊन. "काका, हे घेतो हां," असं म्हणेस्तोवर त्याने ती मागच्या चाकाखाली सारलीही होती. ती माझ्या मित्राची कॅरीमॅट. आपण पुन्हा जोर लावलात. चाक फिरलं, कॅरीमॅट चाकाखालून एकदाच भर्रकन मागे गेली, माझ्या कानाजवळून, आणि पडली तेव्हा तिचे तीन तुकडे होते. दोन लाटेने नेले. गाडी तसूभरही हलली नाही. त्याच वेळी आपल्या गाडीच्या दारातून मला आतली जाड, झुपकेदार पायपुसणी दिसत होती. कोरडी, स्वच्छ, जागच्या जागी.

मग कुणीतरी होडीच्या नांगराचा दोर आणला. तो पहिल्याच हिसक्याला तुटला. शेवटी पलीकडच्या वाडीतून ट्रॅक्टर आला, साखळी आली आणि दोनच्या पुढे गाडी एकदाची वर ओढली गेली. तोवर आत सीटपर्यंत पाणी शिरून बाहेर आलं होतं, आणि चाकांमागच्या पाण्यावर तेलाचे सप्तरंगी पट्टे पसरले होते. गाडीच्या वायरिंगमध्ये खारं पाणी गेलं की पुढे काय होतं ते आपल्याला आता माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. विमा कंपनीच्या माणसाशी झालेला आपला संवाद ऐकायला मी आनंदाने हजर राहिलो असतो.

आपण कृतघ्न नाही, हेही नोंदवतो. ट्रॅक्टरवाल्याला पाचशे रुपये दिलेत. दोरवाल्याला मिठी मारलीत आणि "कधी शहरात आलात तर नक्की या" असं आमंत्रण दिलंत. कुठे ते सांगायचं राहिलं. कासवमित्रही साखळी ओढायला होता. त्याला आपण "थँक्स भाऊ" म्हणालात.

एवढं झाल्यावर कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं की साहेब, किनाऱ्यावर गाडी आणू नये. त्यावर आपण जे उत्तर दिलंत त्यासाठीच खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. आपण म्हणालात, "किनारा काय कोणाच्या बापाचा आहे का? हर्णैला बैलगाड्या पाण्यात जातात, त्या चालतात का?"

चालतात, महोदय. हर्णै काही मैलांवरच होतं. आम्ही तिथे गेलो होतो, समोर सुवर्णदुर्ग, आणि वाळूवर मासळीचा लिलाव. वर्षानुवर्षं तिथे होड्या उथळ पाण्यात थांबतात आणि मासळीच्या पाट्या काठावर आणायला बैलगाड्या बैलांच्या पोटापर्यंतच्या पाण्यात जातात. बैल लाटेला बिचकत नाहीत. पण एक लक्षात घ्या. बैलाने पाण्यात कधी जायचं हे गाडीवान ठरवतो, गाडीवानाचं होडी ठरवते आणि होडीचं समुद्र ठरवतो. त्या गाडीला तिथे काम असतं. काम संपलं की ती वर येते. आजवर कुठल्या बैलाने उगाच मजा म्हणून आठचा आकडा काढल्याचं माझ्या वाचनात नाही. बैलाला तेवढी बुद्धी असते.

आणि किनारा कोणाच्या बापाचा नाही हे अगदी मान्य. म्हणूनच तर तिथे जो तो आपली वेळ बघून येतो. तांडेल, कासव, कुरव, पाट्या उचलणाऱ्या बायका, आम्ही दोघे रिकामटेकडे, झाडून सगळे. वेळापत्रक न बघता आलेलं वाहन त्या दिवशी एकच होतं.

केळशीची वाळूची टेकडी आपण पाहिली नसेल तर बरंच आहे. खाडीच्या तोंडाशी जुनी, उंच टेकडी. डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी तिचे थर वाचले, त्यांत जुनी नाणी आणि खापरं मिळाली, आणि एखाद्या प्रचंड लाटेने ही वाळू आणून टाकली असावी असं मत त्यांनी मांडलं. ते थर उघडे पडले पुलाच्या रस्त्यासाठी टेकडी कापली गेली तेव्हा. आमच्या पुढेच दोन पोरं तिच्या उतारावर बाइक चढवण्याचा सराव करत होती. तेव्हा आपण एकटे आहात असं वाटून घेऊ नका. संप्रदाय वाढतो आहे. किनाऱ्याने नवा रुंद रस्ता होतो आहे, खाड्यांवर पूल होताहेत, म्हणजे यापुढे आपल्याला फेरीबोटीची वाट बघत ताटकळावं लागणार नाही. थेट येता येईल. आमच्यासारख्यांना त्या फेरीबोटीत उभं राहून चणे खाण्यात काय सुख वाटतं ते जाऊ द्या.

त्या रात्री मित्र दुसऱ्या गावात देवळाच्या फरशीवर धोतराची घडी अंथरून झोपला. माझी कॅरीमॅट घे म्हटलं तर नको म्हणाला. सकाळी उठला तेव्हा कंबर धरली होती आणि पुढे दाभोळपर्यंत त्याची सॅक आलटून पालटून मी उचलली. त्याला आपला राग आलेला नाही, हे सांगायला हवं. तो म्हणतो, पोरं आहेत, शिकतील. तो तीस वर्षं असंच म्हणत आलाय. भूगोलाचे मास्तर आशावादी असतात. मी नाही.

कळावे. लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपला,
फ्रेमबाहेरचा काका

ता. क. कॅरीमॅटचं सोडून देतो, मित्राची तशी आज्ञा आहे. दोराचं सोडत नाही. तो माणूस आपल्याकडे मागणार नाही, म्हणून मी मागतो. नायलॉनचा, अंगठ्याएवढ्या जाडीचा, पंचवीस वाव. वाव म्हणजे किती ते दुकानदार सांगेल. तो मच्छीमारीच्या सामानाचा असला म्हणजे झालं. पार्सल एसटीने दापोली आगारापर्यंत येतं, पुढे गावातली कोणीही व्यक्ती घेऊन जाईल. स्वतः द्यायला येणार असाल तर आनंदच आहे. गाडी वरच्या देवळापाशी ठेवा. तिथून किनारा चालत चार मिनिटांवर आहे, आणि दोर खांद्यावर घेतला तर सहा.